कोरडा मृग आणि मुळांतली बुरशी: सड्यावरच्या एका काजूबागेचे प्रकरण

राजापूर तालुक्यातील एका गावाच्या सड्यावर माझ्या मामांची सुमारे दोन एकरांची काजूबाग आहे. २०२३ च्या जून महिन्यात या बागेच्या वरच्या भागातील जवळजवळ निम्मी कलमे वाळून गेली, आणि त्याला लागूनच असलेल्या खालच्या भागातील कलमे मात्र, मलूल होऊन का होईना, तगून राहिली. जात एक, रोपवाटिका एक, लागवडीचा आठवडा एक आणि खताचे वेळापत्रकही एकच होते. वेगळी होती ती जमीन तयार करण्याची पद्धत. मी वनस्पतिशास्त्र शिकवते, त्यामुळे मामांनी हा प्रश्न माझ्यापुढे ठेवला. पुढच्या दोन वर्षांत त्याचा जो माग काढता आला, तो येथे क्रमाने मांडत आहे, कारण सड्यावर नवी लागवड करणाऱ्या प्रत्येकासमोर हा प्रश्न आज ना उद्या येणार आहे.

जागा आणि लागवड

सडा म्हणजे जांभ्या खडकाचे पठार. काही ठिकाणी उघडा कातळ, तर काही ठिकाणी त्यावर वीतभर ते हातभर लाल माती. या मातीत लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे भरपूर असतात आणि ती स्फुरदाला (फॉस्फरसला) घट्ट धरून ठेवतात. माती परीक्षणात एकूण स्फुरद पुष्कळ दिसला, तरी झाडाला मिळण्याजोगा स्फुरद फार थोडा असतो, तो यामुळेच. पावसाची गत याहून विचित्र. वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये, आणि उरलेले आठ महिने जमीन तापत, सुकत राहते. सड्यावरचे झाड चार महिने अतोनात पाण्यात आणि आठ महिने पाण्यावाचून जगते.

ही जमीन पूर्वी वरकस होती. नाचणी आणि वरी घ्यायची, मग दोन-चार वर्षे पड टाकायची, असा तिचा क्रम होता. २०२१ मध्ये मामांनी तेथे काजू लावायचे ठरवले. खालचा एक एकर त्यांनी गडी लावून पहार आणि टिकावाने तयार केला. खड्ड्याची वरची काळपट माती एका बाजूला, खालची तांबडी माती दुसऱ्या बाजूला काढली आणि भरताना काळपट माती पुन्हा मुळांच्या जागी टाकली. दोन खड्ड्यांमधली करवंदाची जाळी आणि गवत तसेच राहिले, कारण ते साफ करायला मजुरी परवडत नव्हती. वरच्या एकरासाठी मात्र कर्ज काढून जेसीबी आणला. सगळी जमीन खरवडून समतल केली, वरची माती कडेला ढीग करून ठेवली, कातळात चौकोनी खड्डे फोडले आणि बाहेरून डंपरने आणलेली तांबडी माती त्यांत भरली. कडेच्या ढिगाची माती नंतर पसरायची होती. त्याआधीच मे २०२१ च्या मध्याला तौक्ते वादळ किनाऱ्याला समांतर वर सरकले आणि त्या दोन दिवसांच्या पावसात तो ढीग बांधावरून खाली वाहून गेला. वरच्या भागावर खालच्यापेक्षा कितीतरी अधिक पैसा खर्च झाला होता, हे मुद्दाम नोंदवून ठेवते.

जुलैमध्ये दोन्ही भागांत वेंगुर्ला-४ या काजूच्या जातीची कलमे लावली. पहिले दोन उन्हाळे दोन्हीकडे सारखेच पाणी घातले.

जून २०२३

त्या वर्षीचा फेब्रुवारी देशाच्या सरासरी कमाल तापमानाच्या नोंदीत १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला होता. मेअखेर विहिरीने तळ गाठला, तेव्हा मामांनी कलमांचे पाणी थांबवले. आठवड्याभरात मृग लागणार होता आणि मृगाला पाऊस येतो, हा हिशेब गेल्या पिढीपर्यंत क्वचितच चुकत असे. त्या वर्षी अरबी समुद्रात बिपरजॉय वादळ रेंगाळले. मोसमी पाऊस ११ जूनला रत्नागिरीपर्यंत पोहोचल्याचे जाहीर झाले, तरी पुढे तो तेथेच अडून बसला आणि त्याला जोर आला तो आर्द्रा लागल्यावर. २५ जूनला त्याने मुंबई आणि दिल्ली एकाच दिवशी गाठली.

मधल्या तीन आठवड्यांत वरच्या भागातली कलमे गेली. आधी शेंड्याची कोवळी पाने लोंबली, मग जुनी पाने कडेने करपली आणि शेवटी साल खरवडल्यावर आत हिरवे काहीच दिसेनासे झाले. खालच्या भागात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी कलमे मेली. त्याहून लक्षणीय गोष्ट पाऊस आल्यानंतर दिसली. खालच्या कलमांना आठ-दहा दिवसांत नवी पालवी फुटली, तर वरच्या भागात जी वाचली होती, ती जुलै संपेपर्यंत तशीच ठोंब्यासारखी उभी होती.

“बाय, पाणी तर दोन्हीकडे सारखंच बंद केलं होतं. मग वरच्यांनीच काय घोडं मारलं होतं?” मामांचा प्रश्न एवढाच होता.

गावात दोन उत्तरे तयार होती. एक म्हणजे वाळवी, आणि दुसरे म्हणजे वरच्या भागाला वारा अधिक लागतो. वाळवी मेलेल्या खोडांवर नक्कीच होती, पण वाळवी बहुधा मरणाऱ्या लाकडाकडे येते, आणि खालच्या भागातही ती होतीच. वाऱ्याचा मुद्दा अधिक वजनाचा होता. तरीही वरच्या भागाच्या अगदी खालच्या ओळीतील कलमे आणि खालच्या भागाच्या अगदी वरच्या ओळीतील कलमे यांच्यात सात मीटरांचे अंतर असून त्यांच्या दशेत जो फरक होता, तो वाऱ्याने उलगडत नव्हता. सीमारेषा जेसीबीच्या दातांच्या खुणेवर नेमकी येऊन थांबत होती.

मुळांत काय दिसले

सप्टेंबरमध्ये दोन्ही भागांतील जिवंत कलमांच्या बुंध्यापासून हातभर अंतरावर उकरून आम्ही केसांएवढी बारीक मुळे गोळा केली. मला शंका होती ती मुळांत राहून झाडाला मदत करणाऱ्या बुरशीबद्दल, आणि जाड मुळांत तिचा फारसा पत्ता लागत नाही. काजूची मुळे टॅनिनमुळे काळपट असतात. त्यामुळे ती पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात तापवून, हायड्रोजन पेरॉक्साइडने उजळवून, सौम्य आम्लातून काढून मग ट्रिपॅन ब्लू या निळ्या रंगात ठेवावी लागली. हा रंग मुळाच्या पेशींना फिका पकडतो आणि बुरशीला गडद.

खालच्या भागातील मुळाचा पहिलाच तुकडा काचपट्टीवर दाबून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, आणि मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे फळ्यावर जे काढून दाखवते ते समोर होते. मुळाच्या सालीतून निळा तंतू पेशींच्या मधल्या फटीतून सरळ गेलेला, मध्येच तो एका पेशीत शिरलेला, आणि आत जाऊन त्याचे झालेले झुडूप: एका खोडाला दोन फांद्या, प्रत्येकीला पुन्हा दोन, अशा फुटत फुटत शेवटी डोळ्याला वेगळ्या ओळखू येणार नाहीत इतक्या बारीक. याला अर्बस्क्यूल म्हणतात आणि देवाणघेवाण येथे होते. बुरशी स्फुरद देते आणि झाड साखर व स्निग्धाम्ले देते. हे झुडूप फक्त काही दिवस टिकते, मग पेशी ते जिरवून टाकते आणि शेजारी नवे तयार होते. जवळच अंडाकृती फुगे होते, तो बुरशीचा चरबीचा साठा. मामांना मी तो तुकडा दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिला आणि विचारले, “हा रोग नाही ना?”

प्रश्न रास्त होता, कारण बागायतदाराच्या भाषेत बुरशी म्हणजे करपा, भुरी, मर. ही बुरशी वेगळ्या कुळातली आहे. आल्बर्ट बर्नहार्ड फ्रँक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये मूळ आणि बुरशी यांच्या अशा संयोगाला मायकोरायझा हे नाव दिले. स्कॉटलंडमधील रायनी येथील सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या दगडांत, ज्या वनस्पतींना अजून खरी मुळेही नव्हती त्यांच्या देठांत, हीच झुडपे सापडली आहेत. म्हणजे झाडांना मुळे फुटण्याच्या आधीपासून ही सोबत आहे. काजू, आंबा, नारळ, ऐन, किंजळ, जांभूळ, नाचणी, कुळीथ ही सगळी याच प्रकारच्या बुरशीची यजमान आहेत. पावसाळ्यात वारुळावर उगवणारी अळंबी मात्र हिच्यात मोडत नाही, ती वाळवीने जोपासलेली असते. मायकोरायझाच्या या प्रकाराची छत्री कधीच उगवत नाही. त्याचे सगळे आयुष्य मातीच्या आत जाते आणि म्हणूनच तो मेला तरी कोणाला कळत नाही.

वरच्या भागातील मुळांत कितीतरी तुकडे तपासल्यावर एखादा तंतू दिसे. बऱ्याच मुळांत काहीच नव्हते. माती पाण्यात घोळून ४५ मायक्रॉनच्या चाळणीतून काढली, तेव्हा खालच्या भागातील गाळात पिवळसर, तपकिरी, मोत्यासारखे गोल बीजाणू, म्हणजे या बुरशीच्या जणू बियाच, सहज सापडले. साबुदाण्याचा दाणा दहा-पंधरा पटींनी लहान केला तर जसा दिसेल, तसे ते दिसतात. वरच्या मातीतही काही होते, पण सुईने दाबल्यावर त्यांतले बरेचसे रिकामे टरफल निघाले.

ताण आला तेव्हा ही बुरशी काय करते

स्फुरद मातीत जवळजवळ हलत नाही. मूळ आपल्याभोवतीचा स्फुरद शोषून घेते आणि मिलिमीटर-दोन मिलिमीटरची एक रिकामी पट्टी तयार होते, जी आपोआप भरून येत नाही. बुरशीचे तंतू ती पट्टी ओलांडून कित्येक सेंटिमीटर पुढे जातात. माती सुकू लागली की तिच्यातील पाण्याचे पापुद्रे तुटतात आणि स्फुरदाची उरलीसुरली हालचालही थांबते. झाडाला पाण्याची चणचण भासण्याबरोबरच स्फुरदाची उपासमार सुरू होते. जांभ्या मातीत ही उपासमार एरवीही उंबरठ्यावरच असते. म्हणून कोकणातला दुष्काळी ताण हा निम्मा पाण्याचा आणि निम्मा स्फुरदाचा आहे, असे माझे मत झाले आहे.

दुसरी गोष्ट जाडीची. बारीक मुळाची जाडी मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांएवढी असते, तर बुरशीच्या तंतूची दोन ते दहा मायक्रॉन, म्हणजे त्याच्या कैक पटींनी कमी. ज्या सूक्ष्म छिद्रांत पाणी सर्वांत शेवटपर्यंत धरून राहते, तेथे मूळ शिरूच शकत नाही, तंतू शिरतो. माती सुकताना मूळही आकसते आणि मूळ व माती यांच्यामध्ये हवेची फट पडते. तंतू ती फट सांधून धरतात. बुरशी प्रत्यक्ष किती पाणी वाहून आणते, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत आणि ते प्रमाण बहुधा मोठे नसावे. मात्र मायकोरायझा असलेल्या रोपांची पर्णरंध्रे ताणात अधिक काळ उघडी राहतात, मुळांतील पाणी वाहणाऱ्या प्रथिनांच्या कामात फरक पडतो आणि पाऊस आल्यावर ती लवकर सावरतात, हे अनेक पिकांवर दिसून आलेले आहे. खालच्या कलमांना आठ-दहा दिवसांत फुटलेली पालवी मला याच क्रमातली वाटते.

तंतूंभोवती मातीचे कण बांधले जातात, हा आणखी एक लाभ. खालच्या भागातील मातीचे ढेकूळ पाण्यात टाकले तर ते बराच वेळ तसेच राही. वरच्या भागातील ढेकूळ बघता बघता विरघळून तळाशी गाळ होई. अशा मातीवर पाऊस पडला की वरचा थर लिंपल्यासारखा होतो आणि पाणी आत मुरण्याऐवजी उतारावरून जाते.

हे सगळे फुकट मिळत नाही. झाड आपण बनवलेल्या अन्नातील ४ ते २० टक्के कार्बन या बुरशीला देते. ताण लांबला, पर्णरंध्रे मिटली, अन्न बनणे थांबले, की हा खर्च झाडाला जड होऊ लागतो आणि बुरशीचेही हाल सुरू होतात, कारण तिला दुसरा आधार नाही. ती पालापाचोळा कुजवून जगू शकत नाही, स्वतःची स्निग्धाम्लेही मुळापासून बनवू शकत नाही. अशा वेळी ती तंतूंचा विस्तार आखडते आणि बऱ्याचदा बीजाणू धरण्याकडे वळते. दुष्काळात मायकोरायझा वाढतो की घटतो, या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नाही. ताणाआधी जाळे किती विणलेले होते आणि ताण किती लांबला, यावर ते ठरते. मृग कोरडा जाण्याआधी खालच्या कलमांच्या मुळांवर हे जाळे दोन वर्षे वाढत होते. वरच्या कलमांना विणायला धागाच मिळाला नव्हता.

धागा कोठे तुटला

या बुरशीचे बहुतेक बीजाणू आणि तंतू जमिनीच्या वरच्या वीतभर थरात असतात. नेमका तोच थर जेसीबीने खरवडला आणि तौक्तेच्या पावसाने नेला. डंपरची माती खोल खणलेल्या जागेची होती, तिच्यात मुळे कधी वाढलीच नव्हती. कोरड्या मातीतील तंतू उन्हाळाभर सुप्त राहून पहिल्या पावसानंतर पुन्हा मुळांत शिरू शकतात, मात्र ती माती ढवळलेली नसावी लागते. ढवळली की जाळ्याचे तुकडे होतात आणि उरतात ते फक्त बीजाणू, ज्यांना नव्याने सुरुवात करावी लागते.

रोपवाटिकेची बाजूही पाहावी लागली. कलमे पिशवीत वाढताना त्यांना भरपूर पाणी, विद्राव्य खत आणि मर रोग टाळण्यासाठी बुरशीनाशकाची ड्रेंचिंग, म्हणजे मुळाशी ओतलेले द्रावण, मिळते. झाडाला स्फुरद आयता मिळाला की ते बुरशीला बोलावत नाही. मुळे स्ट्रिगोलॅक्टोन नावाची द्रव्ये सोडतात आणि त्यांच्या खुणेने बुरशीचे तंतू फांद्या फोडत मुळाकडे येतात, हे जपानी संशोधकांनी २००५ मध्ये दाखवले. स्फुरदाची चणचण असली की झाड ही हाक मोठ्याने देते. पिशवीत वाढलेल्या कलमाला हाक देण्याची गरजच पडलेली नसते. दोन्ही भागांत कलमे साधारण अशीच, रिकाम्या मुळांची आली असावीत. खाली त्यांना शेजारच्या करवंदीच्या आणि गवताच्या मुळांवरून सोबत मिळाली, वर मिळाली नाही. मजुरी वाचवण्यासाठी न तोडलेली ती जाळी दोन वर्षे बुरशीला पोसत होती.

यावर एक आक्षेप मी स्वतःच घेतला. जेसीबीने बुरशीखेरीज सेंद्रिय भरही गेला होता, माती दबली होती, खड्ड्यांचे तळ कातळाचे होते. मग दोष बुरशीच्या अभावाचा कशावरून? म्हणून पावसाळा संपताना एक साधी चाचणी केली. खालच्या भागातली माती घेतली, निम्मी प्रेशर कुकरमध्ये दोन दिवस लागोपाठ वाफवून निर्जंतुक केली, निम्मी तशीच ठेवली. वाफवल्याने मातीतले इतर उपयुक्त जीवाणूही मरतात, म्हणून न वाफवलेल्या मातीचे धुवण बारीक गाळणीतून काढून दोन्हींत घातले. जीवाणू त्यातून जातात, बीजाणू जात नाहीत. प्रत्येकी आठ पिशव्यांत काजूच्या बिया टाकल्या, रोपे चार महिन्यांची झाल्यावर पाणी तोडले. वाफवलेल्या मातीतली रोपे आधी माना टाकू लागली आणि पाणी परत दिल्यावर त्यांतली बरीच उठली नाहीत. न वाफवलेल्या मातीतली बहुतेक उठली. सोळा पिशव्यांवरून शास्त्र सिद्ध होत नाही, आणि वाफवल्याने मातीचे रसायनही थोडे बदलते. तरीही माती तीच, सेंद्रिय भर तोच, दाबही तोच असताना फरक पडला, एवढे या प्रकरणापुरते मला पुरेसे आहे.

पुन्हा लागवड

जून २०२४ मध्ये वरच्या भागातले रिकामे खड्डे भरायचे ठरले. बाजारात मायकोरायझा पावडरची पाकिटे मिळतात. मामांनी एका दुकानातून ती आणलीही होती. पाकिटावर तयार केल्याची तारीख पुसट झालेली होती आणि ते दुकानाच्या पत्र्याखाली उन्हाळाभर पडून होते. मी पावडर पाण्यात घोळून चाळली, तेव्हा भरणाची पूड बक्कळ आणि धड बीजाणू मोजके निघाले. सगळी पाकिटे अशीच असतात, असे मी म्हणणार नाही. पण जिवंत वस्तू विकत घेताना ती जिवंत आहे का, हे पाहण्याची सोय शेतकऱ्याला नाही, याचा मला त्रास होतो.

माती बाहेरून आणायची तर कोठून, यावर एकाने देवरहाटीतली, म्हणजे देवराईतली आणा असे सुचवले. मामांनी ते ऐकून घेतले नाही, आणि त्यांचेच बरोबर होते. देवरहाटीतून पाचोळाही उचलू नये ही रीत आहे. शिवाय दूरच्या मातीबरोबर रोग, सूत्रकृमी आणि वाळवीही येऊ शकतात. त्यापेक्षा याच बागेच्या बांधावर एक जुना किंजळ आहे, त्याच्याखालची आणि खालच्या भागातल्या जोमदार कलमांजवळची वरच्या थरातली माती, तिच्यातल्या बारीक मुळांसकट, बहुतेक खड्ड्यांत एकेक पाटी टाकली. काही खड्ड्यांत फक्त पावडर टाकली आणि काहींत काहीच घातले नाही, म्हणजे तुलना करता येईल. लागवडीच्या वेळचे डीएपी हे स्फुरदयुक्त खत थांबवले आणि त्याऐवजी कुजलेले शेणखत दिले.

माझ्या मते त्याहून महत्त्वाचे काम भाद्रपदात झाले. कलमांच्या आळ्याबाहेर कुळीथ पेरला. पाऊस सरल्यावर उरलेल्या ओलीवर कुळीथ येतो, हे कोकणात नवे नाही. भात कापल्यावर तो पेरतातच. येथे त्याचे काम वेगळे होते. पाऊस थांबल्यावरही काही आठवडे जमिनीत जिवंत मुळे राहावीत आणि बुरशीला पुढच्या सुप्तावस्थेआधी साठा करता यावा, हा हेतू. शेंगा काढून वेल तेथेच आच्छादन म्हणून पसरले. एप्रिलच्या दुपारी उघड्या तांबड्या मातीवर तळहात ठेववत नव्हता, वेलांखाली मात्र खुशाल ठेवता येत होता. फेब्रुवारीत बाजूच्या सड्यावरून वणवा आला, तेव्हा मामा आणि शेजारी यांनी आधीच काढलेल्या जाळरेषेवर तो अडवला. वणव्याने फक्त गवत जळते असे मानले जाते, पण त्याबरोबर मातीच्या वरच्या थरातली बुरशी आणि तिला उन्हापासून झाकणारा पाचोळाही जातो.

मे २०२५

त्या वर्षी ताण उलट्या दिशेने आला. मोसमी पाऊस मेच्या शेवटच्या आठवड्यातच कोकणात पोहोचला, २६ मे रोजी तो मुंबईत होता, आणि सड्यावर उन्हाळी कामे अर्धवट असतानाच पाणी कोसळू लागले. वरच्या भागातील कातळात फोडलेले खड्डे हौदासारखे भरले. किंजळाखालची माती घातलेली जी कलमे उन्हाळ्यात सर्वांत चांगली दिसत होती, तीही पंधरा दिवसांत पिवळी पडली.

ही बुरशी हवेवर जगते. पाणी साचून मातीतला प्राणवायू संपला की ती मुळासारखीच गुदमरते. भाताच्या तुंबलेल्या खाचरात मुळांतला मायकोरायझा कमी असतो, तो याच कारणाने. दुष्काळात जी सोबत झाडाला तारते, तिचा तुंबलेल्या पाण्यात फारसा उपयोग होत नाही, आणि कोकणाच्या वाट्याला हे दोन्ही ताण येतात. मामांनी कुदळीने प्रत्येक खड्ड्याच्या उताराकडील काठाला चर काढला. कातळ फोडून काढायला पावसात आठ दिवस लागले. पाणी उतरल्यावर बहुतेक कलमे हिरवी झाली, पाच-सहा गेली.

ऑक्टोबरमध्ये पुन्हा मुळे तपासली. किंजळाची माती घातलेल्या खड्ड्यांत निळे तंतू बऱ्यापैकी होते, खालच्या भागाइतके मात्र नव्हते. पावडर घातलेल्या आणि काहीच न घातलेल्या खड्ड्यांत मला फरक दिसला नाही. एक निरीक्षण मी अपेक्षिले नव्हते: कुळथाच्या ओळींना लागून असलेल्या कलमांत, खड्ड्यात काहीही घातलेले असो वा नसो, तंतू होते.

बागेच्या पूर्वेला आणखी अर्धा एकर सडा पडून आहे. पुढच्या लागवडीसाठी मामांनी तेथे खुंट्या ठोकल्या आहेत. जेसीबीवाल्याला त्यांनी या वेळी नाही सांगितले. खुंट्यांच्या रांगा त्यांनी करवंदीच्या जाळ्या चुकवून मारल्या आहेत, त्यामुळे त्या सरळ नाहीत, आणि कलमांच्या पिशव्या भरण्यासाठी खालच्या भागातली दोन पाट्या माती पडवीत गोणपाटाखाली ओली करून ठेवली आहे.